सांबऱ्याच्या हँगरमधली पारवी: जाळीच्या कामाच्या नोंदी

११ नोव्हेंबर २०२४

माझं बेळगावात उद्यमबागेत छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, शेड, गेट, कैच्या (छताला आधार देणारे लोखंडी सांगाडे) हेच रोजचं काम. सांबऱ्याला विमानतळावर ट्रेनिंगच्या विमानांचं एक हँगर आहे, तिथल्या इंजिनिअर सरांचा फोन आला की पारव्यांनी जीव नकोसा केलाय, जाळी मारून द्या. असलं काम मी आधी केलं नव्हतं, गोडाऊनला जाळ्या मारल्यात पण विमानाच्या डोक्यावर नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून लिहून ठेवतोय, दुसऱ्या कुणाला करायचं झालं तर माझ्या चुका तरी त्याच्या वाट्याला येऊ नयेत.

हँगर ३० मीटर रुंद, २५ मीटर खोल. पाच बे, म्हणजे कैच्यांमधले कप्पे, प्रत्येक पाच मीटरचा. कैचीची खालची पट्टी जमिनीपासून साडेसहा मीटरवर. आत चार सेसना उभ्या. ह्या विमानांचे पंख वरच्या बाजूला असतात त्यामुळं खाली उभं राहून काहीच दिसत नाही, सगळं चकाचक वाटतं. सरांनी मला घोडीवर चढून बघा म्हटलं. पंखावर पांढरा-हिरवा थर, काही वाळलेला काही ओला, आणि बरोबर त्या थरातच पेट्रोल टाकीचं झाकण. फ्लाइटच्या आधी ट्रेनिंगची पोरं वर चढून झाकण उघडून काठीनं पेट्रोल मोजतात, म्हणजे रोज हात त्या घाणीत, आणि जरा दुर्लक्ष झालं तर घाण टाकीत. दोन ठिकाणी रंग फुगून आतलं अ‍ॅल्युमिनियम दिसायला लागलं होतं. शिटेत आम्ल असतं, रंग खातं, हे लोखंडाच्या शेडवर मी बघितलंच होतं पण तिथं वर्षं लागतात, इथं पातळ पत्रा आहे. विमान बघून मला खरंच वाईट वाटलं.

आधीचे उपाय विचारले. अल्ट्रासोनिकची दोन यंत्रं बसवली होती, एक प्लॅस्टिकचं घुबड होतं, चकाकणाऱ्या पट्ट्या होत्या. सगळे मिळून १८ हजार गेले. तो अल्ट्रासोनिक आवाज पक्ष्यांना ऐकूच येत नाही, पारव्याचे कान माणसापेक्षा वरचा आवाज पकडत नाहीत, त्यामुळं ते यंत्र पारव्याच्या डोक्याशी लावलं तरी त्याला पत्ता नाही. घुबडाला आठवडाभर भ्यायली म्हणे, मग त्याच्याच डोक्यावर बसायला लागली. फटाके तर हँगरमध्ये बोलायचंच नाही, विमानाचं पेट्रोल आहे आत.

१३ नोव्हेंबर

पहिली चूक लगेच केली. कैचीवरची वाळलेली घाण काढायला कंप्रेसरची हवा मारली. पंधरा मिनिटांत हँगरभर पिठासारखी धूळ. आम्ही तिघांनी तोंडाला नुसता रुमाल बांधलेला. संध्याकाळपासून मला खोकला, बैलहोंगलच्या हेल्परला ताप. डॉक्टरनी पहिलाच प्रश्न विचारला, कबुतरं पाळता काय. वाळलेल्या शिटेत बुरशीचे बीजाणू असतात ते फुफ्फुसात जातात, आधी पाणी फवारून भिजवायचं मगच खरवडायचं आणि एन ९५ मास्क घालायचाच. चार दिवस काम बंद. मास्कचा डबा ४०० ला येतो, आमची तिघांची चार दिवसांची मजुरी किती ते तुम्हीच धरा.

१८ नोव्हेंबर

परत सुरू. पाणी फवारून, पोत्यात भरून, तोंड बांधून बाहेर. ही पोती आवारात कुठंही टाकायची नाहीत हे सरांनी आधीच सांगितलं. १९३७ च्या विमान नियमांत नियम ९१ म्हणून आहे, विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत जनावरं कापणं, पक्षी गोळा होतील असा कचरा टाकणं मना आहे. आमच्या डब्यातलं उरलेलं भातसुद्धा आम्ही घरी परत न्यायला लागलो.

आज घरटी मोजली. २३ सापडली. त्यातली १४ रिकामी नाहीतर नुसत्या काड्या, ती काढली. ९ मध्ये अंडी किंवा पिल्लं, सगळी मागच्या ४ आणि ५ नंबरच्या बेमध्ये, तिकडं वर्दळ कमी म्हणून. अंड्याला अठरा दिवस आणि पिल्लू उडायला महिनाभर, म्हणजे दीड-दोन महिने ते दोन बे उघडेच ठेवायचे ठरलं. सर म्हणाले घाई आहे पण पिल्लं मारून काम नको. मला ते पटलं. आमचे मामा (रिगिंगचे जुने मिस्त्री, वय साठच्या पुढं) म्हणाले, "पिल्लं आत आणि आई भाईर, असं पाप आपल्या हातनं नको व्हायला."

मागच्या कोपऱ्यात टूल रूम आहे, तिच्या सपाट छतावर चढून हेल्पर बघून आला आणि म्हणाला, "म्याल गूबी ऐतिरी." म्हणजे वर गूबी आहे. मी ऐकलं गुब्बी. गुब्बी म्हणजे कन्नडात चिमणी. चिमण्या असतील, असू देत म्हणून मी वहीत "टूल रूमवर चिमण्या" लिहिलं आणि पुढं गेलो. वर चढायला दोन मिनिटं लागली असती.

२१ नोव्हेंबर

सिझर लिफ्ट, म्हणजे माणसांना वर नेणारा पाळणा, भाड्यानं आणली, दिवसाला साडेचार हजार, आणायचे-न्यायचे तीन हजार वेगळे. आणि दोन दिवस नुसती उभी राहिली.

कारण असं, मी मनात धरून चाललो होतो की कैचीला हुक वेल्ड करायचे. आमच्या धंद्यात दुसरं काही सुचतच नाही. सर म्हणाले हँगरच्या आत वेल्डिंग नाही, ग्राइंडिंग नाही, ड्रिलसुद्धा नाही. ठिणगी नको आणि लोखंडाचा कीसही नको, तो कीस विमानाच्या कंट्रोलमध्ये नाहीतर टायरखाली जातो. मग बाजारातनं तयार बीम क्लॅम्प (वेल्डिंग न करता लोखंडाला आवळून बसवायचे) आणले तर आमची पट्टी दोन अँगल पाठीला पाठ लावून केलेली, क्लॅम्पचं तोंड लहान. परत केले.

शेवटी वर्कशॉपमध्येच केले. ५ मिलीमीटरची पट्टी जे आकारात वाकवून, एक एम १० बोल्ट, आणि नट साधा नाही, नायलॉनचा लॉकनट. खाली विमानं आहेत, थरथरीनं ढिला होऊन नट पडला तर पंखात भोक. १९० क्लॅम्प केले, दीड मीटरला एक असा हिशोब, वर जास्तीचे. कुणाला मोजमाप पाहिजे असेल तर आधी आपल्या कैचीची पट्टी गसेटच्या (जोडाच्या पत्र्याच्या) जागी मोजा, तिथं ती जाड होते, मी मध्ये मोजली म्हणून पहिले बारा परत वाकवायला लागले.

२६ ते २८ नोव्हेंबर

१, २, ३ नंबरच्या बेला जाळी. एचडीपीई प्लॅस्टिकची, गाठीची, ५० मिलीमीटर भोकाची. पारव्याला ५० पुरते, साळुंकीला २८ लागते, चिमणीला १९. बारीक घेतली की वजन वाढतं, धूळ धरते, पैसे वाढतात, म्हणून आम्ही ५० घेतली, त्याचा परिणाम पुढं लिहितोय. क्लॅम्पमधनं ३ मिलीमीटरची स्टेनलेस वायर रोप, टोकाला टर्नबकल (वायर ताणायचा स्क्रू), आणि जाळी वायरला रिंगांनी. जाळी कधी मापात आणू नका. ५ बाय ३० ला मी ५.५ बाय ३१ घेतली, ताणल्यावर ती बरोबर भरली.

आत नेलेला प्रत्येक पाना, पक्कड, कटर गेटवर लिहून न्यायचा आणि लिहून आणायचा. पहिल्या दिवशी वैताग आला होता, तिसऱ्या दिवशी ती यादीच कामाला आली, मामांची पक्कड कमी निघाली ती विमानाच्या शेपटाखाली स्टँडवर सापडली.

तीन बे झाल्यावर खुशीत होतो. दरवाजाच्या वर पात (दरवाजाचा पल्ला) आणि चॅनेलच्या मध्ये १२-१५ सेंटिमीटरची फट आहे, सगळी रात्रीची ये-जा तिथनंच, म्हणून २९ तारखेला तिथं जाड ब्रश पट्टी बसवून फट बंद केली. पारवी दिवसा दरवाजा उघडा असताना पिल्लांकडं येतीलच असा विचार.

३० नोव्हेंबर

ही नोंद लिहिताना अजून जड जातंय.

सकाळी रात्रपाळीचे वॉचमन थांबलेलेच होते. म्हणाले, रात्रभर एक पांढरं काहीतरी दरवाजासमोर घिरट्या घालत होतं, मधनं मधनं असं किंचाळायचं की अंगावर काटा यायचा, दरवाजाच्या वरच्या फटीला येऊन धडकून परत जायचं. आत गेलो तर टूल रूमच्या छतावरनं फुस्स, फुस्स असा आवाज. मामा म्हणाले साप. मी शिडी लावून चढलो.

ठोकळ्याच्या मागं तीन पिल्लं. पांढरी लोकर, चेहरा बदामासारखा, तिघं एकमेकांना चिकटून डुलत होती आणि माझ्याकडं बघून फुसकारत होती. गव्हाणी घुबडाची. खाली काळ्या सुक्या गोळ्या पडलेल्या, एक हातात फोडली तर आत उंदराची कवटी आणि नारिंगी दात. हेल्पर खालनं म्हणाला, "ह्येळिदेनल्ला साहेब, गूबी." सांगितलं होतं की. गूबी म्हणजे घुबड, गुब्बी म्हणजे चिमणी. त्यानं बरोबर सांगितलेलं, मी चुकीचं ऐकलं आणि बघायला गेलो नाही. रात्रभर आई बाहेर आणि पिल्लं उपाशी.

अर्ध्या तासात एका पातीवरची ब्रश पट्टी काढली. दिवसभर कशातच लक्ष लागलं नाही. रात्री साडेसातला मी मामा आणि वॉचमनबरोबर लाइट बंद करून बाहेर जीपमध्ये बसलो. आठ वाजून दहा मिनिटांनी ती आली, आवाज अजिबात नाही, पंख दुमडून त्या फटीतनं आत. पायात काहीतरी होतं. मग आतनं पिल्लांचा जो गलका झाला तो ऐकून मामांनी हात जोडले.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात अंडी फोडणं, घरटं विस्कटणं हेही शिकारीतच मोजतात, ते वेगळंच. पण कायदा नसता तरी मी काम थांबवलंच असतं. सरांना सांगितलं, ५ नंबरचा बे आणि ती फट पिल्लं उडेपर्यंत हात लावणार नाही. गव्हाणी घुबडाच्या पिल्लाला उडायला आठ आठवडे लागतात, ही तीन-साडेतीन आठवड्यांची वाटत होती.

एक गोष्ट त्या दिवशी डोक्यात शिरली. ह्या हँगरमध्ये खरं जिवंत घुबड राहत होतं आणि त्याच्यापासनं दहा मीटरवर पारव्यांची नऊ घरटी होती. मग प्लॅस्टिकच्या घुबडाला काय भिणार.

२ डिसेंबर

अजून एक चूक निघाली. जाळीच्या वर सहा पारवी निवांत बसलेली. १ ते ३ बेला आडवी जाळी मारली पण ३ आणि ४ च्या मध्ये उभा पडदा मारायचं राहिलं. उघड्या बेमधनं वर जायचं आणि जाळीवरनं पुढं, आता तर खालनं कुणी हुसकायलाही नाही. शिट जाळीतनं सरळ पंखावर. उरलेल्या जाळीचा कैचीपासून पत्र्यापर्यंत उभा पडदा केला, एक दिवस लिफ्टचं भाडं जादा. टप्प्याटप्प्यानं करणार असाल तर पहिल्या बेच्या दिवशीच हा पडदा मारा.

पारवी बाहेर काढायला हाकलाहाकली करू नका, जाळीत अडकतात. सकाळी साडेआठनंतर ती मुतगे, बाळेकुंद्रीच्या बाजूला भात कापलेल्या शेतात चरायला जातात, तेव्हा हँगर जवळजवळ रिकामं असतं. त्या वेळात शेवटची कड बंद केली. दोन राहिली होती, त्यांना जाळीची एक कड सोडून खालनं वाट दिली, आतले लाइट बंद, दरवाजा उघडा. वीस मिनिटांत उजेडाकडं गेली.

लिफ्ट परत पाठवली. ९ तारखेपासून सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, विमानतळावर ये-जा वाढते, म्हणून ते दिवस आम्ही काम ठेवलंच नाही. नाहीतरी पिल्लांसाठी थांबायचंच होतं.

९ जानेवारी २०२५

मधल्या काळात आठवड्यातनं दोनदा संध्याकाळी जाऊन बसायचो. २८ डिसेंबरला पहिलं पिल्लू टूल रूमवरनं उडून विमानाच्या पंखावर बसलं. २ जानेवारीला दोन बाहेर. काल आणि आज रात्री मोबाइल छतावर ठेवून रेकॉर्डिंग केलं, फुसकारा नाही, कुणी आलं नाही. पारव्यांची नऊही घरटी रिकामी. मधे दोन जोड्यांनी नवीन काड्या आणायला सुरुवात केली होती, त्या मात्र रोजच्या रोज काढायला सरांच्या माणसांना सांगितलं होतं, अंडं पडायच्या आधी काढलं तर काम सोपं.

१३ ते १७ जानेवारी

लिफ्ट परत आणली. ४ आणि ५ ला जाळी, टूल रूमच्या छतावर उतरता पत्रा, जेणेकरून तिथं सपाट जागाच राहणार नाही. ब्रश पट्टी पुरी केली. मधे संक्रांत आली, सरांनी सगळ्यांना तिळगूळ दिला, आम्ही अर्धा दिवस काम केलं.

शेवटच्या दिवशी हिशोब लावताना एक नट कमी. १९० नेले, १७६ लागले, १३ हातात. एक कुठं गेला? चारही विमानं बाहेर काढली, जमीन टॉर्चनं आडव्या उजेडात बघितली, लिफ्टचा पाळणा उलटा केला. दीड तास गेला. त्या वेळी एका पोरीची फ्लाइट होती, ती हेल्मेट नाही की काही नाही, नुसती फाइल छातीशी धरून कडेला उभी होती, एक शब्द बोलली नाही. शेवटी हेल्परच्या दुमडलेल्या पँटच्या घडीत सापडला. त्यानं तो तिच्या हातात दिला. तिनं बघितला आणि परत देऊन विमानाकडं गेली.

२४ जानेवारी

पारवी कैचीवर नाहीत, पण आता लाइटवर बसतात. जाळीच्या खाली साखळीनं लोंबणारे १२ मोठे दिवे आहेत, त्यांची डोकी सपाट. हे आधी दिसायला पाहिजे होतं. वर्कशॉपमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या टोकदार टोप्या केल्या, उतार साठ अंशांच्या आसपास, हवा जायला खाली फट ठेवली नाहीतर दिवा तापतो. एकाला ३५० पडले. दोन दिवसांत बसणं बंद. काटेरी पट्ट्या लावा असं बऱ्याच जणांनी सांगितलं होतं, मी कलेक्टर ऑफिसजवळच्या एका इमारतीवर बघितलंय, त्या काट्यांत काड्या अडकवून पारव्यानं मजबूत घरटं केलेलं. उतारावर पाय ठरत नाही, एवढं पुरतं.

१० फेब्रुवारी

५० च्या जाळीतनं चिमण्या येणारच होत्या आणि आल्या. पारवी गेल्यावर त्यांना रान मोकळं. सकाळी नऊला विमान येऊन उभं राहिलं, साडेअकराला परत निघताना ट्रेनिंगच्या पोरानं पुढं वाकून बघितलं तर इंजिनाच्या हवेच्या तोंडात वाळकं गवत. अडीच तासांत. तसंच चालू केलं असतं तर गरम इंजिनावर सुकं गवत, आग लागायला अजून काय पाहिजे.

१९ ची जाळी आता परत मारणं शक्य नव्हतं. शहापूरच्या एका सीट कव्हरवाल्याकडनं फोमला लाल रेक्झिन लावून तोंडात बसणारे बोळे शिवून घेतले, सरांनी माप दिलं आणि तपासून मगच वापरात घेतले. दोन्ही बोळे एका पट्ट्यानं बांधलेले आणि पट्टा प्रोपेलरवरनं, म्हणजे काढायचे विसरले तरी समोर लगेच दिसतात. डाव्या पंखाखालच्या पिटो नळीला (हिच्यावरनं विमानाचा वेग कळतो) लाल फीत असलेलं कव्हर आधीपासून होतंच, फक्त लावायचा कंटाळा व्हायचा. आता इंजिन बंद झालं की पाच मिनिटांत दोन्ही लावायचं, असं बोर्डावर लिहिलंय.

चिमण्या राहिल्यात. मला त्यांना हाकलावं असं वाटत नाही, सरांनाही नाही.

खर्च

जाळी ६४,२००. वायर रोप १०,५००. क्लॅम्प, टर्नबकल, रिंगा ११,३००. लिफ्ट नऊ दिवस आणि दोनदा ने-आण ४६,५००. मजुरी ३८,०००. दरवाजाची ब्रश पट्टी आणि टूल रूमचा पत्रा १४,०००. दिव्याच्या टोप्या ४,२००. सगळे १,८८,७००. मी कोटेशन दिलेलं १,६०,००० चं. २८,७०० माझ्या अंगावर, त्यातले १८ हजार लिफ्टचे, पाच दिवस धरलेले नऊ झाले. सरांनी अर्धे देतो म्हटलं, मी दिव्याच्या टोप्यांचे तेवढे घेतले, बाकी माझ्या मोजमापाच्या चुका होत्या.

१९ जून

पहिला मोठा पाऊस आणि पश्चिमेचा वारा झाल्यावर बघायला गेलो. पुढच्या बेची जाळी एका बाजूला हातभर लोंबलेली. रिंगा संपल्या म्हणून मी कडेला पांढरे केबल टाय मारले होते, त्यातले १४ कडकन मोडून पडलेले, उन्हात ठिसूळ झाले. ते तुकडे जमिनीवर, म्हणजे परत तोच धोका. सगळे काढून रिंगा मारल्या. टर्नबकल दोन-दोन आटे आवळले.

पंखावर चढून बघितलं. झाकणाभोवती नुसती धूळ. हात फिरवला, काळा झाला, पांढरा नाही.

घुबडासाठी जानेवारीतच प्लायवूडची पेटी केली होती, ६० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटर. धावपट्टीजवळ घुबड ठेवून चालत नाही, ते विमानाला आणि त्यालाही वाईट, म्हणून विमानतळावर नाही, मुतग्याच्या पलीकडं एका ओळखीच्या काकांच्या शेतात खांबावर लावली. त्यांच्या आईला घुबड दारात नको होतं, काका म्हणाले आई, लक्ष्मीचं वाहन हाय ते आणि उंदीर किती खाल्लेत बघ भातात. मग शेताच्या टोकाला लावायला कबूल झाल्या. पेटी अजून रिकामी आहे. आज बघितलं तर तोंड पश्चिमेकडं ठेवलंय मी, पावसाचा सगळा मारा आत, तळ भिजून फुगलाय. उघडीप मिळाली की शिडी घेऊन जाणार, तळ बदलणार आणि तोंड पूर्वेकडं फिरवणार.